कुशीवर ठेवलेले पेले

खानदान या शब्दाचीच मला शिसारी आहे. कुणी समोर बसून आपले पूर्वज कोण, कुठल्या देशातून आले, कसले शूर होते हे सांगायला लागलं की माझं तोंड कडू होतं. परवा नातू कागद घेऊन आला. शाळेत घराण्याचं झाड काढून आणायला सांगितलंय म्हणे. मराठीत विचारलं तरी तो इंग्रजीत उत्तर देतो, त्यामुळे आमचं भांडणसुद्धा दोन भाषांत चालतं. मी म्हटलं, "नारळाचं काढ. आपलं तेच." तो रुसून बसला. त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या सुनेनं, माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याचं दूध सांडलंय. तिला काय ठाऊक, या झाडापायी माझ्या आयुष्याची माती व्हायची कशी राहिली ते.

ती हकिगत कुवेतची आहे. तेव्हा तिकडे अजून आपलाच रुपया चालायचा. आम्ही राहायचो त्या हवल्लीत पक्क्या इमारती मोजक्या होत्या, आणि पिण्याचं पाणी गाढवाच्या गाडीवरून दारात यायचं. आई लहानपणीच गेली होती. अब्बा गेले तेव्हा मी नुकती मॅट्रिक झाले होते आणि मुंबईत टायपिंग शिकत होते. अब्बांचा धाकटा भाऊ, माझे चाचा, कुवेतला एका अरब व्यापाऱ्याच्या गोदामावर होते. सिमेंट आणि इमारती लाकूड आत किती आलं, बाहेर किती गेलं, ते बघायचं काम. त्यांनी मला आगबोटीनं बोलावून घेतलं. उपकार केले, हे मी नाकारत नाही. पण त्या उपकारांची आठवण ते दर जेवणाला पहिल्या घासाबरोबर करून द्यायचे, आणि मग तो घास घशाखाली उतरत नसे.

घरात आम्ही तिघंच. चाचा, चाची आणि मी. चाची म्हणजे चाचांच्या सख्ख्या चुलत्याची मुलगी. आमच्यात अशी लग्नं होतात. दोघं एकाच अंगणात खेळून मोठी झालेली. त्यांचा एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर खलाशी होता, कधी ऑस्ट्रेलियाकडे तर कधी आफ्रिकेकडे. चाचा लोकांना सांगायचे, "मुलगा शिपिंगमध्ये ऑफिसर आहे." चाची तेव्हा खाली मान घालून तांदूळ निवडत बसायची.

चाचांच्या आडनावाची मला सगळ्यात जास्त चीड यायची. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं, रत्नागिरीकडच्या शंभर घरांसारखं साधं. मुंबईला गोदीत नोकरी लागल्यावर चाचांनी त्याची 'कर'ची शेपटी कापली. कुवेतला येताना कागदावर पुढे 'अल' चिकटवलं. इथे आल्यावर आणखी चार वर्षांनी उरलंसुरलं गावही काढून टाकलं आणि तिथे कुठल्याशा अरब कबिल्याचं नाव बसवलं. बोट प्रत्येक बंदराला लागावी आणि या माणसानं उतरताना आडनाव बदलावं, असं चाललेलं. माझ्या मॅट्रिकच्या कागदावर जुनंच आडनाव होतं. त्यामुळे घरमालकानं एकदा विचारलं, ही मुलगी कोण? चाचा न अडखळता म्हणाले, "लांबच्या नात्यातली आहे. अनाथ. सांभाळायला आणलीय." सख्ख्या भावाची मुलगी मी, दारामागे उभी! त्या क्षणापासून माझ्या मनातून हा माणूस साफ उतरला. तोंडानं मात्र 'चाचा' आणि 'तुम्ही' चालूच राहिलं. अजूनही तेच येतं, काय करणार.

मला टायपिंग येतं म्हटल्यावर चाचांनी मला अहमदीला काम बघून दिलं. अहमदी म्हणजे तेलवाल्यांचं गाव. तिथे एका इंजिनिअरची बायको होती, कॅनडाची, पण घरात फ्रेंच बोलणारी. आम्ही तिला मॅडम म्हणायचो. घरात थंड हवेचं यंत्र, हिरवळीला रोज पाणी. आम्ही हवल्लीत अंघोळीच्या पाण्यात कपडे धुवायचो, आणि इथे गवत पाणी पीत होतं. मॅडमला एकच नाद होता, पूर्वज शोधायचा. ती सांगायची आणि मी तिच्या देशातल्या आणि अमेरिकेतल्या चर्चच्या पाद्र्यांना पत्रं टाइप करायची. अमुक साली अमुक नावाच्या माणसाचं लग्न तुमच्या चर्चमध्ये लागलं का, त्याच्या बापाचं नाव काय, तो कुठून आला.

तिच्या घराण्याचं आडनाव चाचांच्यापेक्षाही चंचल होतं. तिचा मूळ पुरुष फ्रान्सच्या पलटणीतून कॅनडात आला असं ती म्हणायची. पलटणीत प्रत्येकाला एक टोपणनाव पडायचं, आणि पुढे मुलं कधी खरं आडनाव लावायची, कधी टोपणनाव. पाद्री कानावर पडेल तसं लिहायचे. मग इंग्रजांचं राज्य आलं, तेव्हा एका कारकुनानं त्या आडनावाचं इंग्रजीत भाषांतरच करून टाकलं. तिचे आजोबा अमेरिकेत कापडगिरणीत कामाला गेले, तिथल्या मुकादमानं उरलेलं मोडून ठेवलं. मॅडम मोठ्या कागदावर ही सगळी रूपं ओळीनं लिहायची आणि पेन्सिलीनं जोडायची. "स्पेलिंगकडे बघायचं नाही," मला समजावायची, "लिहिणारे वेगळे, माणसं तीच." मला तेव्हा ती आवडायची, साफ सांगते. निदान ही बाई आडनाव लपवत नाही, शोधते आहे, असं वाटायचं.

एकदा ती म्हणाली, "कागद अडला की मी घरातली सवय बघते. माझी आजी पाव कापायच्या आधी सुरीच्या टोकानं त्याच्या पाठीवर क्रूस काढायची. दुसऱ्या आडनावाच्या ज्या म्हाताऱ्या आमच्या घराण्यातल्या निघाल्या, त्याही तसंच करायच्या. तुमच्या घरात असं काय आहे?"

मी म्हटलं, "आम्ही पेला पालथा घालत नाही."

खरंच आमच्यात घालत नाहीत. घासलेले पेले, वाट्या, तांबे, सगळं कुशीवर आडवं ठेवायचं. पाणी निथळायचं ते तसंच निथळेल. लहानपणी मी एकदा तांब्या पालथा घातला, तर आजीनं हातावर फटका दिला होता. कुवेतलाही चाची चहाचे छोटे काचेचे पेले ओट्यावर एका रांगेत कुशीवर निजवायची. तिथे धूळ इतकी की वादळ नसलं तरी दातांखाली करकर लागायची. मी म्हणायची, "चाची, पालथे घालूया ना, धूळ तरी जाणार नाही." चाची म्हणायची, "नको गो बाय. घरातलं माणूस पाण्यावर हाय. पेला पालथा तर गलबत पालथं." आणि धूळ बसलेले पेले पुन्हा पुन्हा धुवायची.

मॅडमनं विचारलं, का घालत नाही? मी चाचीचं वाक्य इंग्रजीत सांगायला गेले आणि अर्ध्यात थांबले. गलबत! आजीच्या काळी घरात जहाजावर कुणी नव्हतं. अब्बा शाळामास्तर, चाचा मुंबईला. चाचांच्या सांगण्याप्रमाणे पणजोबा मोठे व्यापारी, त्यांचे पणजोबा अरबस्तानातून आलेले सरदार. मग सरदाराच्या घरात तांब्या पालथा घातला म्हणून पोरीला फटका कशाला बसतो? मला हसूच आलं. मॅडम म्हणाली, "तुझे पूर्वज नाविक होते." मी म्हटलं, "हे आमच्या चाचांना सांगू नका. त्यांना चक्कर येईल."

मला हसू येण्याचं आणखी एक कारण होतं. बंदरावर मोठी जहाजं ओढून आणणारी लाँच असते, तिच्या इंजिनावर आमच्याच किनाऱ्यावरचा एक तरुण होता. त्याचं आडनाव असं की ऐकताच वल्ह्याचा आवाज यावा. गावाहून आलेल्या बोटीवरून तो चाचीच्या बहिणीनं पाठवलेले सोडे आणि आमसुलं घेऊन घरी आला होता. मग पुन्हा आला. मग काही घेऊन आला नाही, तरी आला. चाची पडद्याआडून बोलायची, मी चहा ठेवायची. एकदा चहा पिऊन झाल्यावर त्यानं पेला हातानं विसळला आणि ताटलीत कुशीवर ठेवला. सहज, न बघता. मला तो हवा होता. अगदी असाच हवा होता, हातांना डिझेलचा वास असलेला, खोटं बोलता न येणारा. हे मी चाचीला सांगितलं. त्या दिवशी चाचीनं सोड्यांची आमटी केली आणि मला दोनदा वाढलं.

आणि इकडे चाचांनी शजरा करायला घेतला.

शजरा म्हणजे वंशावळ. बसऱ्याहून एक माणूस यायचा, तो लोकांना वंशावळी करून द्यायचा. पन्नाशीचा, तुटकी उर्दू बोलणारा, केसांना मेंदी, अंगाला इतकं अत्तर की तो गेल्यावरही गादीला वास राहायचा. अत्तराच्या खाली घामाचा वास, आणि त्याच्याही खाली आणखी कसला तरी. शी! आजही कुठे तसं अत्तर आलं की मी खिडकी उघडते. तो जेवायला बसला की पापलेट हातात धरून डोक्यापासून चोखायचा, काटे सतरंजीवर टाकायचा आणि बोटं दाढीला पुसायचा. मी भात वाढायला गेले तेव्हा तो चाचांना विचारत होता, "कुठला कबिला हवा? समुद्राकडचा की वाळवंटातला?" शिंपी विचारतो ना, कॉलर कशी हवी, तसं! आणि चाचा गंभीरपणे विचार करून म्हणाले, "वाळवंटातला. समुद्र नको."

थू! मला तिथेच भाताचं पातेलं आपटावंसं वाटलं. मेलेल्या माणसांना विचारायचं नाही, त्यांच्या जागी दुसरी मेलेली माणसं आणून बसवायची, आणि वर सोनेरी शाईनं बिस्मिल्ला लिहायचं. ज्यांनी आपल्याला जन्म दिला ते कुठे गेले मग? त्यांना काय समुद्रात ढकललं?

महिन्याभरात शजरा काचेच्या चौकटीत भिंतीवर लागला. झाडासारखा काढलेला, हिरवी पानं, प्रत्येक पानावर एक नाव. अगदी खालच्या पानावर चाचा. अब्बांचं पान नव्हतं. मी विचारलं तर चाचा म्हणाले, "जागा कमी पडली."

मॅडमच्या घरीही साधारण त्याच सुमाराला निकाल लागला. ती ज्याच्या मागावर होती त्या मूळ पुरुषाबद्दल एका म्हाताऱ्या पाद्र्याचं उत्तर आलं. मॅडमची खात्री होती की तो कुणी अधिकारी असणार, फ्रान्समध्ये त्याची गढी असणार. तिनं त्या गढीचं चित्रसुद्धा कुठल्याशा पुस्तकातून कापून ठेवलं होतं. पाद्र्यानं लिहिलं होतं की हा माणूस पलटणीत वगैरे नव्हता. तीन वर्षांच्या करारावर आलेला शेतमजूर होता. करार संपल्यावर परत जायला काही नव्हतं म्हणून तिथेच राहिला.

मला तर आनंद झाला. मी म्हटलं, "मॅडम, म्हणजे आमच्यासारखाच की! आम्हीही सगळे करारावरच आलोय." माझ्या जिभेला हाड नाही, हे खरं. मॅडमचा चेहरा उतरला, मग लाल झाला. तिनं ते पत्र दोन बोटांत धरलं, मेलेली पाल धरतात तसं, आणि म्हणाली, "हा माणूस आमचा नाही. स्पेलिंग बघ. स्पेलिंग वेगळं आहे."

मी तिच्याकडे बघतच राहिले. स्पेलिंगकडे बघायचं नाही म्हणून हीच बाई मला महिनोन्‌महिने पढवत होती! गढीकडे जाताना सगळी स्पेलिंगं एक होती, आणि मजुराच्या दाराशी आल्यावर एक अक्षर वेगळं निघालं. दुसऱ्या आठवड्यात तिनं सांगितलं की आता पत्रं लिहायची नाहीत, तिला बागकाम करायचं आहे.  

त्या दिवशी घरी आले तर चाची चुलीपाशी बसून रडत होती. चाचांनी माझं लग्न ठरवलं होतं. कुणाशी? त्या बसऱ्याच्या अत्तरवाल्याशी. त्याची एक बायको बसऱ्याला होतीच, मी दुसरी. तो चाचांना म्हणाला होता की शजरा कागदावर आहे तोवर लोक हसतील, पण त्याच्या कबिल्यात मुलगी दिली की कुणाची बोलायची टाप नाही. म्हणजे त्या झाडाला खतपाणी म्हणून मला घालायचं होतं. ती पापलेट चोखणारी बोटं माझ्या डोळ्यांपुढे आली आणि मी अंगणात जाऊन खरंच ओकले.

मी चाचांना सांगितलं, मी हे लग्न करणार नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग कुठे जाणार?"  ना बाप, ना घर, आणि मॅडमकडचं कामही गेलेलं. हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच शांतपणे विचारलं.

चाचीनं कुणाच्या हातून कसा निरोप पाठवला मला आजही माहीत नाही, पण पुढच्याच शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर तो लाँचवरचा तरुण आपल्या मामूंना घेऊन दारात उभा राहिला. मामू त्याच लाँचवर सारंग, म्हणजे लाँच हाकणारे मुख्य, होते. उंच, काळेभोर, आवाज असा की अंगणात बोलले तरी शेजारच्यांना ऐकू जावं. त्यांनी रीतसर मागणी घातली. चाचांनी त्यांना हाकलून दिलं नाही. उलट बसवून घेतलं, जेवायला थांबवलं. मी खूश झाले, वेडी! पण अत्तरवालाही तिथेच लोडाला टेकून बसला होता, आणि चाचांना या दोघांच्या तोंडावर शजरा वाचून दाखवायचा होता, एवढंच. नकार देण्याच्या आधी त्यांना नाक घासायला लावायचं होतं.

आणि वाचला! चहा झाला, ताटं वाढली, तरी अत्तरवाला चौकटीकडे बोट करून एकेक नाव घेत होता, चाचा डोळे मिटून मान डोलवत होते. मी पडद्यामागून बघत होते. तो तरुण जमिनीकडे बघत होता, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. शेवटी चाचा म्हणाले, "तर आमचं हे असं आहे. तुम्ही लोक होडीवाले. बुरा मानू नका, पण वाळवंटातलं रक्त आणि खारं पाणी, हे कसं जमायचं?"

मामूंना राग आला की नाही कळलं नाही. ते "हात धुतो" म्हणून उठले आणि पाण्याच्या पिंपाकडे मागच्या अंगणात गेले. जाता-येता स्वयंपाकघराच्या ओट्याजवळून जावं लागायचं. परत आले तर चेहरा खुललेला. त्या माणसाच्या मनात काही काळं नव्हतं, हे मी पुढे कितीतरी वर्षं बघितलं. ते मोठ्यानं म्हणाले, "अहो, काय वाळवंट घेऊन बसलाय! तुमचे पेले कुशीवर हायत की! मला तर आपल्याच घरात आल्यासारखं वाटलं. हे आमच्या दर्यावरच्या माणसांशिवाय कोण करतो?"

चाचांचा चेहरा पांढराफटक पडला. अत्तरवाल्यानं भुवया वर केल्या. "काय म्हणतोय हा? कसले पेले?" त्यानं विचारलं. चाचा घाईघाईनं म्हणाले, "काही नाही, घरात मोलकरीण आहे, तिची सवय." मोलकरीण आमच्याकडे कधीच नव्हती. पडद्यामागे चाची आणि मी, दोघीच होतो.

मामू हसत म्हणाले, "छे हो, मोलकरीण! खानदानी सवय हाय ती. लाजता काय?"

तेव्हा चाचांनी ते केलं. समोर चहाच्या थाळीत रिकामा पेला होता. त्यांनी तो उचलला आणि सगळ्यांकडे बघत थाळीत पालथा आपटला. "हे बघा," म्हणाले. "आमच्यात असलं काही नसतं."

काच फुटली नाही. नुसता आवाज आला, खण्ण असा, आणि तो थाळीभर फिरत राहिला. मामूंनी "तोबा, तोबा" म्हणत छातीवर हात ठेवला. मग हळूच विचारलं, "घरातलं कोण पाण्यावर नाय ना?"

 भाचा मामूंच्या कानात काहीतरी पुटपुटला, त्याला ठाऊक होतं. मी चाचांकडे बघत होते. पेल्यावरचा हात त्यांनी चटका बसल्यासारखा काढून घेतला होता आणि ते ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटत होते. म्हणजे या माणसाचा त्यावर विश्वास होता! नसता, तर मी त्याला माफ केलं असतं. पण पोराच्या जहाजाला धक्का लागेल असं मनातून मानून, घाबरून, तरीही त्यानं तो पेला पालथा घातला होता. कुणासाठी? दाढीला माशाचं तेल पुसणाऱ्या एका लबाड माणसासाठी. इतकी किळस मला आयुष्यात दुसऱ्या कशाची आली नाही.

शेजारी वळून बघितलं तर चाची तिथे नव्हती. ती पडदा सारून बाहेर गेली होती. परक्या पुरुषांसमोर चाची कधी आली नव्हती, बोलली तरी पडद्याआडूनच. ती सरळ थाळीपाशी गेली, खाली बसली, पेला उचलला, पदरानं आतून-बाहेरून पुसला आणि कुशीवर ठेवला. मग मामूंना म्हणाली, "भाऊ, पोरगी दिली. शब्द माझा."

चाचा ओरडले, "तू कोण देणारी?"

"मी सारंगाची नात," चाची म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमचा नि माझा आजा एकच. कालिकतला माल नेताना गलबतासकट गेला. त्याची मय्यत आली नाय, म्हणून आपल्या घरात पेले कुशीवर असतात. तुम्ही त्या भिंतीवर कुणाला पण टांगा. पण माझ्या पोराला का बुडवता?"

इतकी वर्षं हे सगळं पोटात ठेवून ती बाई मूग गिळून तांदूळ निवडत बसली होती. मला तिचाही राग आला त्या क्षणी, खोटं कशाला बोलू. पण ती उठून आत आली तशी मी तिला धरलं.

अत्तरवाल्यानं आधी पुढ्यातला भात संपवला. मग दाढी पुसली, चपला घातल्या आणि होडीवाल्यांच्या घरात आपली फसवणूक झाली असं म्हणत निघून गेला. फसवणूक त्याची! त्यानंतर चाचांनी लग्नाला ना हो म्हटलं, ना नाही. मामूंनी शब्द मिळाला असं धरलं, आणि चांगलं केलं. महिन्याभरात मस्जिदीत साधा निकाह झाला. चाचा आले, नवऱ्या मुलाच्या शेजारी बसले, खजूर खाल्ला.

पण चाची चाचांशी बोलत नव्हती. पोराचं जहाज तेव्हा आफ्रिकेच्या पल्याड कुठेतरी होतं आणि त्याच्याकडून काही कळत नव्हतं. ती दिवसभर दाराकडे तोंड करून बसायची. जेवण करायची, वाढायची, की पुन्हा तिथेच. चाचांनी एके दिवशी शजरा भिंतीवरून काढून पलंगाखाली सारला. तिनं बघितलं आणि तोंड दाराकडे वळवलं. मग डर्बनहून तार आली, पोरगा खुशाल आहे. चाचा ती तार घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. चाचीनं तार घेतली, वाचता येत नव्हती तरी डोळ्यांना लावली, आणि पुन्हा कामाला लागली.

मी पुढे नवऱ्याबरोबर सालमियात राहायला गेले, पण आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जायची. चाचांबद्दलची शिसारी गेली नाही. आजही गेलेली नाही. त्यांना सलाम करताना मी मान झुकवली नाही कधी. पण एक गोष्ट बघितली, ती सांगते.

तो पेला चाचीनं वेगळा काढून ठेवला होता. चाचा जेवायला बसले की पाणी त्यातच द्यायची. दर दुपारी, दर रात्री, पोरगा सुखरूप घरी येऊन त्याचं लग्न झालं तरीही, चाचा म्हातारे होऊन अंथरुणाला खिळेपर्यंत. चाचा मुकाट्यानं पाणी प्यायचे. चाची पेला घ्यायला हात पुढे करायची नाही, नुसती उभी राहायची. मग चाचा हळूच वाकून स्वतःच्या हातानं तो पेला कुशीवर ठेवायचे. नीट ठेवला की ती आत जायची.